बाबूना, दवणा आणि उजनीची चोपण जमीन

मॉलमध्ये 'कॅमोमाइल टी' म्हणून जो महागडा डबा मिळतो, तो आपल्याला अगदीच परका नाही बरं का. काष्ठौषधींच्या दुकानात 'बाबूना' मागा, तीच वाळकी फुलं पुडीत बांधून मिळतील. नाव फारसी. मुघलांच्या काळात ही वनस्पती हिंदुस्थानात आली असं मानतात आणि युनानी हकिमांनी ती टिकवली. ग्रीकांनी वासावरून तिला 'जमिनीवरचं सफरचंद' म्हटलं. गंमत म्हणजे तिचं तेल निळंशार निघतं, पण तो रंग फुलात नसतोच. वाफेने तेल काढताना तयार होतो!

आपल्याकडचा तिचा चुलतभाऊ म्हणजे दवणा, चैत्रात जोतिबाला वाहतात तो. दोघंही शेवंतीच्या कुळातले.

आता यात उजनी कुठून आली? सांगतो. १९८० साली भीमेवरचं धरण पूर्ण झालं. करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतली काठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर डोकावतं. खाली कालव्यावर ज्वारीच्या मुलखात ऊस आला, पैसाही आला. पण काळ्या जमिनीला पाणी जास्त आणि निचरा कमी, की क्षार वर येतात. सोडियम साचून माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही. हीच चोपण जमीन.

उत्तरेत अशा जमिनीला 'ऊसर' म्हणतात. १९६४-६५ च्या सुमारास लखनौकडे ऊसर जमिनीत बाबूना लावून पाहिला आणि सामू ९ च्या आसपास असूनही तो आला. शिवाय पीक थंडीतलं, म्हणजे रब्बीचंच.

मग लावा की बाबूना! इतकं सोपं नाही हो. फुलं एकदम उमलत नाहीत, पुन्हापुन्हा खुडावी लागतात. मजुरी, वाळवायला सावली, तेलाची भट्टी, गिऱ्हाईक... उसाला निदान कारखाना तरी आहे. बाबूना हकिमांमुळे टिकला, दवणा देवामुळे. नुसती जमीन मानवली म्हणून कुठलंच पीक रुजत नाही.

आणि धरणात एकदा जमीन गेलेल्या माणसाची लाभक्षेत्रात मिळालेली जमीनही चोपण झाली, तर त्याने तिसरी कुठून आणायची? आधी चर काढायचे, जिप्सम घालायचं, पाणी मोजून द्यायचं. सुगंधी फुलांचं मग बघू.