वेशीवर हत्यार कुणाकडे ठेवायचं?

शनिवारी संध्याकाळी चँडलरमधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर वीस बाजूंचे फासे, चिवड्याचा डबा आणि पाच मुलं असतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली निघालेला खेळ तुमच्याही घरी पोचला असेलच. परवा या मुलांची टोळी एका कल्पित नगराच्या वेशीवर अडली. खेळ चालवणाऱ्या माझ्या मुलाने पहारेकऱ्याच्या आवाजात फर्मावलं, “तलवारी इथे ठेवा. आणि गावात मंत्र म्हणायचा नाही.” झालं, भांडण सुरू! त्यातल्या एका मुलीने विचारलं, “तुझ्या पहारेकऱ्याकडे तलवार आहे, ती कशी चालते?”

प्रश्न खेळातला असला तरी त्यावर खरी माणसं मेली आहेत. त्यातली काही आमच्या घरापासून तीन तासांच्या आत, टूमस्टोनला.

टूमस्टोन हे चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं गाव. १९ एप्रिल १८८१ रोजी तिथे नववा नगरनियम लागू झाला. गावात बंदूक, पिस्तूल, खंजीर घेऊन हिंडायचं नाही. आल्याबरोबर तबेल्यात, गुत्त्यात नाहीतर हॉटेलात जमा करायचं आणि जाताना परत न्यायचं. ‘वाइल्ड वेस्ट’ म्हणजे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल, असं आपल्याला सिनेमांनी शिकवलं. प्रत्यक्षात कॅन्ससमधल्या डॉज सिटीतही असाच नियम होता. दारू, जुगार आणि रोख पैसा एकत्र येणाऱ्या गावात दुकानदारांना शांतता हवी होती.

२६ ऑक्टोबर १८८१ च्या सकाळी आइक क्लँटन हत्यारं घेऊन गावात फिरत होता. नगर मार्शल व्हर्जिल अर्पने त्याच्या डोक्यात पिस्तूल हाणून हत्यारं काढून घेतली. कोर्टाने २५ डॉलर दंड आणि वर खर्च लावला. दुपारी त्याच्या साथीदारांना निःशस्त्र करायला व्हर्जिल निघाला, तो वायट आणि मॉर्गन हे दोघे भाऊ आणि डॉक हॉलिडे यांना बरोबर घेऊन. सुमारे तीस सेकंदांत तीसेक गोळ्या सुटल्या. बिली क्लँटन आणि मॅकलॉरी बंधू, टॉम आणि फ्रँक, असे तिघे ठार झाले. हीच ती ‘ओके कोरॅल’ची चकमक.

पुढे न्यायाधीश वेल्स स्पायसर यांच्यापुढे महिनाभर चौकशी चालली. ३० नोव्हेंबरला त्यांनी अर्प मंडळींना सोडलं, पण एक ठपका ठेवलाच: वायट आणि हॉलिडे यांचं समोरच्यांशी आधीपासून वैर असताना व्हर्जिलने त्यांनाच मदतीला घ्यायला नको होतं. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. नियम चांगलाच होता. पण हत्यार मागायला आलेला माणूसच आपला वैरी असेल, तर ते त्याच्या हवाली कोण करेल?

आपल्या आजोबा-पणजोबांना हे वेगळं सांगावं लागलं नसतं. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानात हत्यार बाळगायला परवाना सक्तीचा केला, आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. शस्त्र तेच, गावही तेच; धरणारा हात कुणाचा, यावर गुन्हा ठरायचा. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव झाले, ते या अपमानापोटीही.

आता जादूकडे येऊ. ‘बाल्डर्स गेट २’ या २००० सालच्या संगणक-खेळात अथकाटला शहरात परवान्याशिवाय मंत्र टाकला, तर जादूगारांचीच एक टोळी येऊन झोडपते. परवान्याची किंमत ५,००० सुवर्णमुद्रा! म्हणजे मक्तेदारी.

जादूचा उल्लेख असलेला खरा कायदा मात्र आपल्या महाराष्ट्रात आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद, आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. हा कायदा मंत्राची ताकद मानत नाही, की वारी-प्रदक्षिणेला हात लावत नाही. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणारा, चमत्काराच्या नावाने लुबाडणारा, नरबळी देणारा यांना तो पकडतो. इंग्लंडनेही १७३५ मध्ये हेच वळण घेतलं होतं: चेटूक करण्याऐवजी चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा ठरला. अथकाटलाचा कायदा जादूगारांचा धंदा राखतो, आपला कायदा त्यांच्या तावडीत सापडणाऱ्या माणसाला राखतो.

आणि आमचं ॲरिझोना? २९ जुलै २०१० पासून इथे २१ वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही, आणि शहरांना राज्यापेक्षा कडक नियम करता येत नाहीत. १८८१ च्या टूमस्टोनला जो नियम करता आला, तो आजच्या चँडलरला करता येणार नाही! एक धागा मात्र टिकला आहे. सरकारी इमारतीत हत्यार काढून ठेवायला सांगितलं, तर ते सुरक्षित ठेवायची आणि बाहेर पडताना लगेच परत द्यायची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे. वाण्याच्या दुकानातल्या रांगेत पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल दिसलं की इतक्या वर्षांनीही माझ्या पोटात गोळा येतो. भारतातून आलेल्या आईला तर मी हळूच दुसऱ्या रांगेत नेतो. तेव्हा नववा नियम हवासा वाटतो, आणि त्याच वेळी तो राबवणारा व्हर्जिल कोण असेल, हेही मनात येतं.

मुलांना मी एवढंच म्हटलं: तुमच्या नगराला नियम जरूर असू दे, फक्त तीन गोष्टी ठरवा. सूट कुणाला? हत्यार घेणार कोण? आणि ते परत मिळेल याची खूण काय?

बराच वाद झाला. शेवटी पहारेकऱ्याने प्रत्येकाला एक पितळी बिल्ला दिला, आणि नगरशेठच्या मुलाचीही तलवार काढून घेतली. त्या मुलीने आपला बिल्ला दोनदा उलटसुलट करून पाहिला, आणि मग धनुष्य खाली ठेवलं.