शंभर रुपयांचा कागद

आमच्या घरी लोखंडी पेटीत एक स्टॅम्पपेपर आहे. १९८४ चा. घडीवर फाटलाय, म्हणून आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय. खाली पाच पंच, चौघांच्या सह्या आणि एकाचा अंगठा. मजकूर दहा ओळींचा. उभयतांची राजीखुशीने फारकत झाली. मुलगा आईजवळ राहील. बाप मुलाच्या खावटीपोटी दरमहा रुपये शंभर देईल. यापुढे कोणाचे कोणाकडे काही मागणे राहिले नाही.

तो मुलगा म्हणजे मी. तेव्हा चार वर्षांचा होतो.

हे आज लिहायचं कारण असं. गेल्या पंधरवड्यात कोर्टाच्या आवारात चहा पिताना एक ताई भेटल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांचा घटस्फोट झाला, तेव्हा मुलीला महिना दोन हजार ठरले होते. मुलगी आता सातवीत. ‘वाढवून मागा ना’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘भाऊ, ते तर तेव्हाच फिक्स झालं. हुकूम कुठे बदलतो का?’

मला आई आठवली. तीही हेच म्हणायची. ‘कागद व्हयी गया, आते काय व्हस?’

मित्रांनो, कागद बदलतो. कायद्याने बदलतो, आणि आजचं नाही, शंभर वर्षांहून जास्त काळ बदलतो आहे. हा इतिहास आपल्या भागात कोणी सांगितला नाही, म्हणून थोडा लांब लिहितोय. सवडीने वाचा.

आधी पंचांचं बघू. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. इथल्या लोकांचे घरगुती तंटे कोणत्या नियमाने सोडवायचे हे साहेबाला कळेना. एल्फिन्स्टनने आर्थर स्टील नावाच्या अधिकाऱ्याला जातीजातींच्या चालीरीती गोळा करायला सांगितलं. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये छापलं गेलं. त्यात पाट आहे, सोडचिठ्ठी आहे. म्हणजे ‘घटस्फोट ही शहरातली फॅशन’ असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, आपल्याकडच्या बहुसंख्य जातींत काडीमोड पिढ्यान्‌पिढ्या होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढीने होणारी फारकत कलम २९ मध्ये शिल्लक ठेवली.

पंचांची पद्धत स्वस्त होती, झटपट होती. एका बैठकीत दागिने, भांडी, लग्नाचा खर्च, सगळं तुटायचं. पण तिचा सगळा भर ‘तोडण्या’वर. एकदा तुटलं की परत बसायचं नाही. भांड्याकुंड्यांना हे चालतं. चार वर्षांच्या पोराला कसं चालेल? ते पुढच्या वर्षी पाच वर्षांचं होतं. त्याला दप्तर लागतं, चष्मा लागतो, कधी ते आजारी पडतं. पंचांच्या कागदात पुढचं वर्ष नसतंच.

आता सरकारी कायदा. पोटगीचं कलम इंग्रजांनी घातलं ते फौजदारी कायद्यात, १८६१ साली. दयेपोटी नाही. टाकलेली बायकापोरं उपाशी मरायला लागली की रस्त्यावर येतील, भीक-चोरीला लागतील, तो बंदोबस्ताचा प्रश्न होईल, हा हिशेब. मर्यादा ठेवली महिना ५० रुपये. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४८८ झालं. आणि त्याला लागूनच होतं कलम ४८९. परिस्थिती बदलली असं दाखवलं तर मॅजिस्ट्रेटला पोटगीची रक्कम बदलता येईल, असं त्यात सांगितलं होतं.

म्हणजे ज्या साहेबाला आपल्या पोरांचं काही पडलं नव्हतं, त्यालाही एवढं कळत होतं की एकदा ठरवलेला आकडा कायम पुरत नाही.

ती ५० ची मर्यादा १९२३ मध्ये १०० झाली आणि १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या नव्या संहितेत ४८८ चं १२५ झालं, ४८९ चं १२७ झालं, आकडा मात्र ५०० च राहिला. त्या पाचशेपुढे कायद्यात ‘एकंदरीत’ असा एक शब्द होता. त्यावर वाद असा की पाचशे माणशी, की अख्ख्या घराला? आई आणि दोन पोरं असतील तर तिघांत पाचशे? १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, पाचशे माणशी. अखेर २००१ मध्ये ही मर्यादाच काढून टाकली.

आमच्या कागदाला हे लावून बघा. १९८४ मध्ये शंभर रुपये अगदीच कमी नव्हते. आई सांगते, तेव्हा कापूस निंदायला दिवसाला आठ-नऊ रुपये मिळायचे. पण मी दहावीला गेलो तेव्हाही शंभरच होते. माझी वह्या-पुस्तकंही त्यात बसत नव्हती. वडिलांनी पैसे बुडवले नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मी अठरा वर्षांचा होईपर्यंत मामाच्या हाती शंभराची नोट येत राहिली. कधी दोन महिन्यांच्या दोन. कागद त्यांनी तंतोतंत पाळला. आणि कागद पाळूनही मी मामाच्या जिवावर शिकलो.

पंचांचा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. आई मॅजिस्ट्रेटपुढे १२५ खाली माझ्यासाठी अर्ज करू शकली असती. ‘पुढे मागणे नाही’ असं लिहून दिलं असलं तरी. कारण ती स्वतःचं मागणं सोडू शकत होती, माझं नाही. पोटगी मुलाची असते, आईने सही केली म्हणून ती बुडत नाही. एकदा हुकूम झाला असता की १२७ खाली वाढवूनही मागता आली असती. यातलं काही तिला कोणी सांगितलं नाही. पंचांनी नाही, गावातल्या शिकलेल्या माणसांनीही नाही.

हे झालं पैशाचं. आता ताब्याचं.

आपल्या भाषेत शेताचा ताबा आणि पोराचा ताबा, शब्द एकच. डोक्यातली कल्पनाही बरीचशी तशीच. १८९० चा पालक व पाल्य कायदा आजही लागू आहे. त्यात मुलाचं हित हा शब्द होता, पण व्यवहारात बापाचा हक्क पहिला धरला जायचा. १९४१ मध्ये छापून आलेल्या मुंबई हायकोर्टाच्या एका निकालाने स्पष्ट सांगितलं की इथे बापाचं हित बघायचं नाही, आईचंही नाही, बघायचं ते फक्त मुलाचं.

मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये आला. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि बडोद्यात सयाजीरावांनी (१९३१) तसे कायदे केले होते. मग देशभरासाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याचं कलम २६ प्रत्येक घटस्फोटित आईबापाने वाचावं. मुलांचा ताबा, खर्च, शिक्षण याबद्दलचे हुकूम कोर्ट वेळोवेळी करू शकतं, रद्द करू शकतं, स्थगित करू शकतं, बदलू शकतं. घटस्फोटाचा निकाल लागून गेल्यानंतरही.

१९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रोझी जेकब खटल्यात म्हटलं की मुलं ही आईबापाची मालमत्ता नाहीत, खेळणीही नाहीत, आणि ताब्याचे हुकूम कायमचे नसतात. ४ नोव्हेंबर १९९७ चा निकाल तर मुंबईतून गेलेल्या खटल्यातला आहे. बाप अमेरिकेत, आई इथे. बाळ महिन्या-सव्वा महिन्याचं असताना आई त्याला घेऊन भारतात आली होती. बारा-तेरा वर्षं खटले चालले. हायकोर्टाने ताबा बापाला दिला, सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. मुलगा आईजवळच राहिला. त्या निकालातला मुद्दा दोन्हीकडून धार असलेला आहे. ताब्याचा हुकूम पुढे बदलता येतो, हे खरं. पण परिस्थिती बदललीय हे सिद्ध करावं लागतं, आणि बदल मुलाच्या भल्याचा आहे हेही. ‘मला आता वाटतं’ एवढ्यावर नाही.

१९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्याने आईला बापाच्या हयातीतही नैसर्गिक पालक मानायची वाट मोकळी केली. तोवर कायद्यात आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई असं होतं, आणि ‘नंतर’चा अर्थ सगळे ‘मेल्यावर’ असाच घेत.

मग २०२०. ‘रजनेश विरुद्ध नेहा’. हा खटला आपल्या महाराष्ट्रातला, नागपूरचा. तिथल्या फॅमिली कोर्टाने २०१५ मध्ये पत्नीला १५ हजार आणि मुलाला आधी ५ हजार, नंतर १० हजार ठरवले. बघा, मूल वाढतं हे त्या एकाच हुकुमात धरलेलं आहे. सुप्रीम कोर्टाने यात देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही कमाई, मालमत्ता, कर्ज शपथेवर जाहीर करायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. आणि आधीच्या हुकुमात बदल हवा असेल तर ज्या कोर्टाने तो दिला तिथेच जायचं.

आपल्या तालुक्याचं आणखी एक आहे. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा, बारेला, भिल्ल बांधवांचे पाडे आहेत. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. तिथे पंच आजही बसतात. तडवी बांधवांचा कायदा वेगळा. पण पोटगीचं कलम जात-धर्म बघत नाही. सातपुड्यापलीकडच्या इंदूरच्या शाहबानोचा खटला याच १२५ चा होता. मॅजिस्ट्रेटने तिला महिना २५ रुपये दिले होते, हायकोर्टाने ते १७९ रुपये २० पैसे केले, आणि त्यावरून देश हलला. पुढे १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुस्लिम मुलांचाही बापाकडून पोटगीचा हक्क या कलमाखाली पूर्ण शाबूत आहे. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली. आता १२५ चं १४४ झालंय आणि १२७ चं १४६. आकडे बदलले, गाभा तोच.

एवढं सगळं असून कोर्टाच्या आवारात मला काय दिसतं? हुकूम बदलून घ्यायला फार थोडे जातात. मनानेच बदलणारे भरपूर. केळी वादळात गेली, बापाने पोटगी बंद केली. पोटगी बंद, म्हणून आईने रविवारची भेट बंद केली. भेट बंद, म्हणून बाप म्हणतो आता एक रुपयाही देणार नाही. पोरगं बसस्टँडवरच्या बाकावर बसून दोघांची वाट बघतं.

बापाचं उत्पन्न खरंच बुडालं असेल तर तोही अर्ज करू शकतो, रक्कम कमी होऊ शकते. पण अर्ज न करता बंद केलेली पोटगी थकबाकी म्हणून डोक्यावर बसते, त्यापायी तुरुंगही होऊ शकतो. आईनेही लक्षात ठेवावं, या कलमाखाली थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आणि पोटगी व भेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचा सूड दुसरीवर काढता येत नाही. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा.

शेवटी परत आमच्या कागदाकडे येतो. त्यात शंभर रुपये होते, पण भेटीबद्दल एक शब्द नव्हता. वडील आमच्यापासून तापीपलीकडे, एसटीने तासाभरावर राहायचे. मी त्यांना अठरा वर्षांत चार-पाचदा पाहिलं असेन, तेही लग्नाकार्यात, लांबून. मला वाटायचं त्यांना माझी ओढ नाही. डिप्लोमा झाल्यावर पहिल्या पगाराचे पेढे घेऊन मी स्वतःच गेलो. चहा झाला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘यायचं होतं रे. पण कागदात नव्हतं.’

त्यांनाही वाटलं होतं, कागद बदलत नाही. त्यांच्याकडेही १८९० चा कायदा होता, कोर्ट होतं. त्यांनाही कोणी सांगितलं नाही. नंतर सहा वर्षांनी ते गेले.

त्या ताईंना मी समितीचं ऑफिस दाखवलंय, अर्ज परवा दाखल झाला. तुमच्या गल्लीत, पाड्यावर, नात्यात असा एखादा जुना कागद असेल तर त्यावरचा आकडा आणि त्या मुलाचं आजचं वय एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि त्या आईला किंवा त्या बापाला सांगा, की बदलता येतो.