बीडच्या पोरांना बर्फ दाखवला तो भरतीच्या मैदानाने

बीड जिल्ह्यात स्कीइंगचा इतिहास शोधू म्हणणाऱ्याला लोक हसतील आणि त्यात त्यांची चूक नाही. बालाघाटावर पावसाचीच वानवा, तिथे बर्फ कुठला? तरीही एखादी विद्या कोणाच्या आवाक्यात आली आणि कोणत्या दाराने आली, हाही तिच्या इतिहासाचाच भाग असतो. दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली आणि बीड भारतात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुलमर्गला १९व्या इन्फन्ट्री डिव्हिजनची स्की शाळा निघाली. ती काढणारे या डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या महिनाभरापूर्वीच झोजी ला खिंडीत रणगाडे चढवून लढले होते. काश्मीरच्या युद्धाने एक गोष्ट उघडी पाडली होती: हिवाळ्यात बर्फावर हालचाल करू शकणारी माणसे सैन्याकडे पुरेशी नव्हती. हीच शाळा पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, योगायोगच. पण सैन्यातून बर्फाकडे जाणारी वाट तयार झाली तेव्हा बीडचा माणूस नुकताच त्या सैन्याच्या देशाचा नागरिक झाला होता, एवढे खरे.

माझे म्हणणे असे की हे दार लष्करी असणे हा भारतापुरता अपवाद नाही. नवशिक्याला दिला जाणारा स्कीचा पहिला धडाच मुळी युद्धात घट्ट झाला आहे. तो धडा नीट पाहिला की हे पटते. पहिल्या दिवशी वेग कोणी शिकवत नाही. सपाटीवर स्की बांधून चालणे, उताराला आडवे उभे राहून एकेक पाऊल वर चढणे, पडणे आणि पडल्यावर उठणे एवढेच. मग हलक्या उतारावर स्कीची टोके जवळ आणत, मागची बाजू फाकवत, आतल्या कडा बर्फात दाबून थांबायचे. याला स्नोप्लाऊ म्हणतात. थांबता आले की वळणे. उजवीकडे जायचे तर भार डाव्या पायावर. घाबरलेला माणूस हटकून मागे झुकतो आणि मागे झुकला की स्की ताब्यात राहत नाहीत, म्हणून गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या भागावर टेकवायला लावतात. आधी आवरणे, मग धावणे हा क्रम पक्का केला तो ऑस्ट्रियातल्या आर्लबर्गच्या हानेस श्नायडरने. पहिल्या महायुद्धात तो पहाडी सैनिकांना स्की शिकवत होता. वेगवेगळ्या वकुबाची शेकडो माणसे थोड्या दिवसांत तयार करायची तर प्रत्येकाच्या अंगभूत कौशल्यावर विसंबून चालत नाही, पायऱ्या ठरवाव्या लागतात. युद्धानंतर सांक्ट आंटोनच्या आपल्या शाळेत त्याने त्याच शिस्तीने वर्ग पाडले, आणि तिथून ही पद्धत जगभर गेली.

यावर जाणकार दोन आक्षेप घेतील. पहिला माथियास झ्डार्स्कीचा दाखला देणारा: स्की फाकवून वळण्याचे तंत्र त्याने १८९०च्या दशकातच मांडले होते आणि तो शिकवत होता साध्या नागरिकांना. हे मान्यच केले पाहिजे. हालचाल त्याची, पण ती शिकवण्याचा जो क्रम आज टिकून आहे, तो श्नायडरचा. (झ्डार्स्कीही पुढे युद्धात सैनिकांना धडे द्यायला गेला आणि हिमप्रपातात जबर जखमी झाला.) दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उतारावरचे स्कीइंग हा गोऱ्या साहेबांचा शौक, गुलमर्गला स्की क्लब निघाला तो १९२७ साली, म्हणजे थिमय्यांच्या शाळेच्या बरीच वर्षे आधी. स्लॅलमची आधुनिक शर्यत १९२२ मध्ये घडवणारा आर्नल्ड लनही सैनिक नव्हता, मद्रासमध्ये जन्मलेला हौशी माणूस होता. बरोबर. पण त्या क्लबातून ही विद्या साहेबांच्या वर्तुळाबाहेर किती झिरपली? शेतकऱ्याच्या मुलाला तिथे शिष्य म्हणून जागा नव्हती. शौकाने शर्यती दिल्या, चषक दिले. सामान्य माणसाच्या पायात स्की बांधली ती फौजेने.

आता बीडकडे परत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेले, सियाचीनवर राहिले, पुढे राजस्थान आणि सिक्कीममध्येही. नाव झाले ते धावण्यात. २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक. सियाचीनला होते म्हणून ते स्कीही शिकले, असे म्हणणे आगाऊपणाचे ठरेल. तिथली बरीच चाल पायी आणि दोराच्या आधाराने होते. माझा दावा इतकाच की आष्टीच्या पोराचा आणि बर्फाचा संबंध जोडणारी संस्था सैन्य हीच होती. कोणी म्हणेल, आता तसे कुठे उरले? मनालीची पर्वतारोहण संस्था १९६१पासून आहे, गुलमर्गलाही सरकारी संस्था आहे, प्राथमिक स्की अभ्यासक्रमाला कोणीही अर्ज करावा. कागदावर हे खरे आहे. पण हे वर्ग भरतात जानेवारी ते मार्चच्या सुमारास, आणि नेमक्या त्याच महिन्यांत बीडची लाखो माणसे मुकादमाची उचल फेडत पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. ऊसतोडीचा हंगाम आणि स्कीचा हंगाम एकच आहे. फी माफ केली तरी बुडालेली मजुरी कोण देणार? तोवर या जिल्ह्यातल्या तरुणाला बर्फावर पोचवणारे आणि वर पगारही देणारे दार एकच उरते, ते भरतीच्या मैदानाचे.