मोकळी खोली कोण मोजतं?

एका घरात दोन चुली झाल्या की मोरी कोणाची, ओटा कोणाचा यावरून कुरबुर सुरू होते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात अशा दोन चुली एकाच शाळेत मांडल्या गेल्या. आज त्याचीच हकिगत ऐकूया.

तिकडे ‘चार्टर शाळा’ नावाचा एक प्रकार आहे. पैसा सरकारचा, मुलांना फी नाही, पण कारभार स्वतंत्र मंडळाकडे. असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्यात झाला, न्यूयॉर्क राज्यात १९९८ साली. शाळा काढायची परवानगी मिळाली, पण इमारत कुठून आणायची? न्यूयॉर्कमध्ये जागेचं भाडं परवडणारं नव्हतं.

२००२ साली मायकेल ब्लूमबर्ग महापौर झाले आणि शहरातल्या शाळांचा कारभारही महापौरांच्या हाती आला. ज्या सरकारी शाळांचा पट कमी, तिथल्या मोकळ्या खोल्या चार्टर शाळांना जवळजवळ फुकट द्यायच्या, असं धोरण त्यांच्या काळात राबवलं गेलं.

मग जिना एक, मैदान एक, जेवणाची खोली एक आणि शाळा दोन, कुठे तीन. सरकारी शाळेतले पालक म्हणू लागले, “तुमच्या कागदावर ही खोली मोकळी आहे. पण इथे चित्रकला चालते. ज्या मुलांना बोलायला अडतं, त्यांना इथेच वेगळं शिकवतात.” दुसऱ्या बाजूच्या आया म्हणत, “आम्हीही गरीबच. आमच्या लेकराचा चिठ्ठीत नंबर लागला, त्याला बसायला जागा नको का?” हार्लेमसारख्या वस्तीत या दोघी एकाच गल्लीतल्या असायच्या. भांडण शेजारणींत लागलं.

वाद वाढला. २०१० साली राज्याने कायद्यात सुधारणा केली. एका इमारतीत शाळा असतील, तर कोणती खोली कोण, केव्हा वापरणार हे आधी लिहून जाहीर करायचं. प्रत्येक शाळेचे मुख्याध्यापक, एक शिक्षक आणि एक पालक यांची समिती नेमायची. आणि चार्टर शाळेच्या जागेत ५,००० डॉलरच्या वर सुधारणा झाली, तर तेवढाच खर्च त्या इमारतीतल्या सरकारी शाळेवरही करायचा. एका मजल्यावर नवा रंग आणि दुसऱ्यावर पोपडे, हे मुलांना रोज दिसतं ना!

तरी प्रश्न मिटला नाही. २०१४ साली नवे महापौर बिल डी ब्लाझिओ यांनी आधी ठरलेल्या काही जागावाटण्या रद्द केल्या. चार्टर शाळांचे पालक मुलांना घेऊन राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला धडकले. त्याच वर्षी कायदा झाला की शहराने नव्या चार्टर शाळांना जागा द्यावी, नाहीतर भाड्याचा भार उचलावा.

मैत्रिणींनो, आपल्याकडे चार्टर शाळा नाहीत. पण पट कमी झालेल्या शाळा आहेत आणि खोल्या मोजणारे कागदही आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. कोणती खोली खरंच मोकळी आहे आणि कुठे पोषण आहाराचा तांदूळ ठेवावा लागतो, हे रोज शाळेत जाणाऱ्या बाईला ठाऊक असतं. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला, तर सही करण्याआधी सगळ्याजणी उठून एकदा त्या खोल्या बघून या.