कोंबड्यांची जाळी आणि आकाशातला टीव्ही

आजचा एपिसोड तुम्ही ज्या फोनवर ऐकताय, त्याच्या आजोबांचा आहे. म्हणजे आजोबा टीव्ही होते, आणि एका टीव्हीपुढे अख्खं गाव बसायचं.

१ ऑगस्ट १९७५. देशात आणीबाणी लागून पाच आठवडे झाले होते. त्या दिवशी राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या जवळपास २४०० गावांमध्ये थेट उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. प्रयोगाचं नाव सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट, थोडक्यात ‘साइट’. महाराष्ट्र यात नव्हता. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ लाच सुरू झालं होतं. पण या प्रयोगाचे प्रोग्राम मॅनेजर होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस, ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाही.

मूळ कल्पना विक्रम साराभाईंची. गावोगाव टीव्हीचे टॉवर उभारत बसलो तर पिढ्या जातील, त्यापेक्षा एकदम आकाशातूनच पाठवा ना! १९६९ मध्ये ‘नासा’शी करार झाला. उपग्रह त्यांचा, एटीएस-६, वर्षभरासाठी उसना. त्यांनाही त्यांचं तंत्रज्ञान तपासून बघायचं होतंच, म्हणजे हा काही दानधर्म नव्हता. जमिनीवरचं सगळं मात्र आपण करायचं. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

आता माझ्या आवडीचा भाग. त्या काळी उपग्रहाचे सिग्नल पकडायला अवाढव्य डिश लागायची. एटीएस-६ वर मात्र नऊ मीटरची, छत्रीसारखी उघडणारी अँटेना होती. ताकद वर असल्यामुळे खाली स्वस्तात भागणार होतं. किती स्वस्तात? गावातली डिश तीन मीटरची आणि ती बनवलेली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या तारेच्या जाळीची! हे जुगाड वाटेल, पण नाही. लहरींची लांबी जवळपास ३५ सेंटिमीटर होती, त्यापुढे जाळीची भोकं अगदीच बारीक, म्हणून लहरींना ती जाळी भिंतीसारखीच. शिवाय वारा आरपार जातो, वजन कमी, आणि तुटली तर गावातच दुरुस्त होते. इतकं शांत डोक्याचं डिझाइन मी ऑफिसात क्वचित बघतो. टीव्ही संच हैदराबादच्या ‘ईसीआयएल’ने बनवले.

रोज चार तास कार्यक्रम. सकाळी शाळकरी मुलांसाठी, त्यात विज्ञान. संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. आंध्र आणि कर्नाटकात चित्र एकच, आवाज दोन: तेलुगू आणि कन्नड. एका चित्रावर दोन ऑडिओ ट्रॅक, १९७५ मध्ये! शिवाय सुट्टीत हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचं प्रशिक्षणही याच टीव्हीवरून दिलं गेलं.

आणि परिणाम? ‘इस्रो’ने हे मोजण्यासाठी माणसं नेमली होती, काही अभ्यासक तर गावांत राहायलाच गेले. सुरुवातीला गर्दी लोटली, मग ओसरली. ते साहजिकच. महत्त्वाचं हे की, आरोग्याबद्दलच्या माहितीत जास्त फायदा झाला तो मागे पडलेल्यांना, निरक्षरांना. ज्यांना पुस्तक बंद होतं, त्यांना पडदा उघडा होता.

पण मला खटकतं ते वेगळंच. हा संवाद एकाच दिशेने वाहत होता. दिल्लीतली किंवा स्टुडिओतली मंडळी बोलणार, गाव ऐकणार. रोज अर्धा तास सगळ्यांसाठी एकच हिंदी कार्यक्रम, आणि त्यातल्या बातम्या आणीबाणीच्या काळातल्या सरकारी! गावकऱ्याला शंका आली तर विचारायची कुणाला? माती दर दहा मैलांवर बदलते, आकाशातला सल्ला मात्र एकच.

याचं उत्तर त्याच काळात गुजरातमध्ये शोधलं जात होतं. खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी ‘इस्रो’ने एक छोटं प्रक्षेपण केंद्र सुरू केलं. बरेचसे संच दूध सोसायट्यांमध्ये. कॅमेरा गावात जायचा, लोक स्वतःच्या बोलीत स्वतःचे प्रश्न मांडायचे: मजुरी, जातीचा जाच, सावकार. शेजारच्या गावचा माणूस पडद्यावर दिसला की ऐकणाराही सरसावून बसतो, हे कुणीही कबूल करेल. या प्रकल्पाला पुढे १९८४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

देशाने मात्र दुसरीच वाट धरली. १९८२ ला एशियाड, रंगीत टीव्ही आणि दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम. ‘साइट’मधून शिकलेले इंजिनिअर पुढे ‘इन्सॅट’च्या कामी आले, याबद्दल वाद नाही. खेड्यातून शिकलेली गोष्ट फारशी कुणाच्या कामी आली नाही. कारण ती महाग नव्हती, कटकटीची होती. लोकांना बोलू दिलं की ते सरकारबद्दलही बोलतात.

३१ जुलै १९७६ ला करार संपला आणि एटीएस-६ परत नेला गेला. काही भागांत नंतर जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं आली. बाकीच्या गावांत संच आणि जाळी होती, वर उपग्रह नव्हता.