सरदार किती मोलानं राखावा?

2024 ची आयपीएल कोलकात्यानं जिंकली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी जिंकून देणारा कर्णधार, आपला मुंबईचा श्रेयस अय्यर, लिलावात उभा होता. कोलकात्यानं त्याला राखलं नव्हतं. जेद्दाहच्या त्या लिलावात पंजाबनं त्याच्यावर 26 कोटी 75 लाख लावले. प्रत्येक संघाची थैली 120 कोटींची, म्हणजे एका माणसावर पाचव्या हिश्शापेक्षा जास्त. पुढच्या हंगामात पंजाब फायनलला पोचलं, कोलकाता आठवं आलं. झालं, सिद्ध झालं की स्टार सोडू नये! पण थांबा. त्याच लिलावात लखनौनं ऋषभ पंतवर 27 कोटी लावले आणि लखनौ सातवं आलं.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी तर या भांडणाला नियमातच जागा करून दिलीय. एनबीएत संघाच्या पगाराला मर्यादा आहे, पण स्वतःचा जुना खेळाडू राखायचा असेल तर ती ओलांडता येते. लॅरी बर्डच्या नावानं तो नियम ओळखला जातो. ओलांडा, पण फारच वर गेलात तर दंडासारखा कर भरा. पाच जणांचा खेळ, त्यामुळे एक माणूस गेला की पाचवा भाग गेला. क्रिकेटपेक्षा तिथं हा प्रश्न जास्त टोकाचा होतो.

हे वाद मित्रांच्या ग्रुपवर झडतात तेव्हा कुणीतरी हमखास टाकतं, ‘संघापेक्षा कुणी मोठा नसतो.’ मला हे वाक्य कधीच पटत नाही. कारण मी ज्या शहरात राहतो ते शहर या प्रश्नाची बरी-वाईट उत्तरं चारशे वर्षांपासून पाहत आलंय.

सतराव्या शतकातलं दख्खन म्हणजे सरदारांचा बाजार होता. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही आणि उत्तरेतून आलेले मोगल असे चार संघ, आणि त्यांच्यात फिरणारे हबशी, दख्खनी, मराठे सरदार. सरदार एकटा जात नसे. त्याच्याबरोबर घोडी जात, स्वार जात, भाऊ-पुतणे जात, मुलुखाची माहिती जात. एक सरदार फुटणं म्हणजे अर्धा संघ समोरच्या जर्सीत दिसणं. हे मलिक अंबरला चांगलंच ठाऊक होतं. इथिओपियात जन्मलेला, बाजारात पुन्हा पुन्हा विकला गेलेला आणि शेवटी निजामशाहीच्या पेशव्यानं विकत घेतलेला हा गुलाम पुढे त्याच राज्याचा कर्ताकरविता झाला. (खेळाडूंच्या लिलावाचे विनोद करताना मला हा माणूस आठवतो आणि विनोद घशात अडकतो.) 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. 1616 मध्ये त्याचे काही सरदार मोगलांना जाऊन मिळाले. जालन्याजवळच्या रोशनगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. अवघं सहा वर्षांचं शहर!

मोगलांचं ‘पॅकेज’ कसं असायचं? मनसब म्हणजे दर्जा, पाच हजारी, सात हजारी वगैरे. त्या दर्जाचा पगार बहुतेक वेळा रोख मिळत नसे. त्याऐवजी जहागीर मिळायची, म्हणजे अमुक परगण्यांचा महसूल तुमचा, वसूल तुम्हीच करा. ही जमीन मालकीची नव्हती. बादशहा ती कधीही काढून दुसरीकडची देऊ शकत होता. आणि कागदावर लिहिलेला महसूल हाती पडेलच असं नव्हतं. औरंगजेब 1653 मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा कागदावरचा आकडा साडेतीन कोटींच्या वर होता आणि प्रत्यक्ष वसूल एक कोटीच्या आसपास. करारावर एक आकडा, खात्यात दुसराच.

सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांना मोगलांनी 1621 च्या सुमारास ओढलं, तेव्हा त्यांना आणि घरच्या मंडळींना मिळून चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वार अशी मनसब दिली. अख्ख्या घराण्याशी केलेला करार होता तो. पुढे जाधवराव निजामशाहीकडे परतले. निजामशहाला त्यांचा भरवसा वाटेना. 25 जुलै 1629 ला देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या दरबारात ते मुजऱ्याला आले असताना त्यांना मुलांसह आणि नातवासह कापून काढण्यात आलं. आपल्याकडे राहत नसेल तर कुणाकडेच नको, हाही स्टार खेळाडूवरचा एक तोडगा. फुकटात होतो असं वाटतं. पण लखुजींचे भाऊ जगदेवराव मोगलांकडे गेले, आणि वर्षभरातच जावई शहाजीराजेही निजामशाही सोडून मोगलांकडे गेले.

शहाजीराजांची गोष्ट मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक पुस्तकं ती दोन ओळींत उरकतात.

1624 मध्ये भातवडीला अंबरनं मोगल आणि आदिलशाही फौजांना मिळून हरवलं, त्यात शहाजीराजे होते. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथंच पडले. 1630 च्या सुमारास मोगलांनी राजांना पाच हजारी मनसब दिली. किंमत चांगलीच होती, त्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. मग 1632 उजाडलं. मलिक अंबरचा मुलगा फतेहखान तेव्हा निजामशाहीचा वजीर होता. त्यानं स्वतःच्याच निजामशहाला मारलं, एका पोराला गादीवर बसवलं आणि शाहजहानच्या नावानं खुतबा वाचला. बक्षीस म्हणून त्याला त्याचे जुने महाल परत हवे होते. अडचण एवढीच, की ते महाल मोगलांनी शहाजीराजांना देऊन टाकले होते.

शाहजहाननं ते राजांकडून काढले आणि फतेहखानाला दिले.

हिशोबाच्या वहीत पाहिलं तर निर्णय चोख होता. नवा माणूस आला, त्याच्याबरोबर दौलताबादसारखा किल्ला येणार होता, आणि जुना माणूस तर आपल्याच पगारावर होता. त्याला जास्तीचं कशाला द्यायचं? राजांना तेवढ्याच उत्पन्नाचे, किंवा थोडे जास्तीचे महाल दुसऱ्या सुभ्यात देणं मोगलांना अजिबात जड नव्हतं. तो ‘ओव्हरस्पेंड’ झाला असता खरा. एकाच जागेची किंमत दोनदा मोजल्यासारखं.

शहाजीराजे निघून गेले. पुढच्या चार वर्षांचं बिल असं: राजांनी नाशिक, त्र्यंबक, जुन्नर हा पट्टा ताब्यात घेतला. ज्या फतेहखानासाठी राजांना दुखावलं, तो वर्षभराच्या आत विजापूरकरांशी जुळवून घेऊन मोगलांवरच उलटला. महाबतखानाला दौलताबादला वेढा घालावा लागला, आणि 1633 च्या जूनमध्ये किल्ला पडला. (आपल्या शहराला काही वर्षं या फतेहखानाच्याच नावावरून फतेहनगर म्हणत. गावात फारसं कुणाला हे माहीत नसतं.) मोगलांना वाटलं, संपली निजामशाही. तर राजांनी संगमनेरजवळ पेमगिरीला निजामशाही घराण्यातलं एक मूल गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा उभं केलं. शेवटी 1636 मध्ये खुद्द शाहजहान दौलताबादला येऊन बसला. मे महिन्यात त्यानं आदिलशाहीशी तह करून मुलूख वाटून घेतला, तेव्हा कुठं राजांचा पाठिंबा तुटला आणि त्या वर्षाअखेरीस माहुलीला त्यांना माघार घ्यावी लागली.

ज्या महालांचा वाद होता त्यांचं वर्षाचं उत्पन्न, आणि बादशहाला लवाजम्यासह दख्खनमध्ये आणून फौजा चालवण्याचा खर्च, यांची तुलना करायला कुठल्याही अर्थशास्त्राची गरज नाही. शिवाय राजे पैशावरून भांडून गेले असं मला वाटत नाही. दिलेलं परत घेतलं, आणि कालपर्यंत शत्रू असलेल्याला दिलं, म्हणून ते गेले. स्टार खेळाडू संघ सोडतो तेव्हा आपण आकडे बघतो. तो मात्र शेजारच्या लॉकरवर कुणाचं नाव लागलं ते बघत असतो.

मग काय, प्रत्येक वेळी मागेल तेवढं द्यायचं? इथं मला नेताजी पालकर आठवतात. स्वराज्याचे सरनोबत, ज्यांना लोक प्रतिशिवाजी म्हणत. 1666 च्या जानेवारीत पन्हाळ्यावरच्या हल्ल्याला ते वेळेवर पोचले नाहीत, महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं आणि ते विजापूरकडे गेले. दोनच महिन्यांत मिर्झाराजे जयसिंहानं त्यांना मोगलांकडे ओढलं. पाच हजारी मनसब, 38,000 रुपये रोख आणि जहागीर. तीही दख्खनमधल्या कागदी उत्पन्नाची नव्हे, तर जुन्या, घट्ट बसलेल्या मुलखातली. नेताजींना हा बाजार पुरता कळला होता.

महाराजांनी ही बोली ओलांडण्याचा प्रयत्न केला नाही आणि स्वराज्य कोसळलंही नाही. कारण महाराज सैन्याला जहागिरी तोडून देत नव्हते, खजिन्यातून पगार देत होते. घोडी, पागा, किल्ले सरकारचे. सरनोबत गेला तर सरनोबत गेला, अर्धं सैन्य गेलं नाही. प्रतापराव गुजर त्या जागी आले. आग्र्याहून महाराज निसटल्यावर औरंगजेबानं नेताजींना धारूरकडे अटक करवली, धर्मांतर करायला लावलं आणि काबूलच्या बाजूला पाठवलं. पाच हजारी मनसबीचा माणूस! दहा वर्षांनी, 1676 मध्ये, ते परत आले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं.

म्हणजे स्टार गेल्यावर संघ उभा राहील की नाही, हे स्टारच्या किमतीवर ठरत नाही, बाकीच्यांना पगार कुठून आणि कसा मिळतो यावर ठरतं. शाहजहानकडे तेव्हा द्यायला भरपूर होतं आणि त्यानं कंजूषपणा केला. त्याच्या मुलानं बरोबर उलटं केलं.

औरंगजेब 1682 मध्ये दख्खनमध्ये उतरला तो परत गेलाच नाही. किल्ला घ्यायचा तर किल्लेदाराला मनसब, सरदार फोडायचा तर त्याला मनसब. अतहर अली या इतिहासकारानं मोजदाद केलीय: हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांत त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या वीस वर्षांत मराठे होते 27, नंतरच्या काळात 96. विजापूर आणि गोवळकोंडा बुडाल्यावर तिथले सरदारही याच रांगेत आले. मनसबी छापता येतात, परगणे छापता येत नाहीत. जुन्या खानदानी मनसबदारांना वर्षानुवर्षं जहागीर मिळेना. नव्यांना मिळाली तर वसूल होईना, कारण त्याच गावात मराठ्यांची चौथ वसुली चाललेली. जे पगाराविना राहिले ते स्वार ठेवेनात, स्वार नाहीत म्हणून मुलूख हातात राहीना. मला वाटतं, एका स्टारवर जास्त उधळल्यानं कुठलं साम्राज्य बुडत नाही. शंभरजणांना स्टारचा करार देऊन बुडतं.

समोरच्या बाजूला तर खजिनाच नव्हता. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला पोचले. थोरल्या महाराजांची रोख पगाराची पद्धत पाळणं आता शक्य नव्हतं. उलट मोगल मनसबी वाटत सुटलेले. सरदार राखायचे कशाच्या जोरावर?

1691 सालचं राजाराम महाराजांचं एक पत्र आहे, हणमंतराव घोरपडे आणि कृष्णाजी घोरपडे यांना. त्यात सहा लाख होनांची नेमणूक ठरवलीय, पाच लाख हणमंतरावांना, एक लाख कृष्णाजींना. पण लगेच नाही. हणमंतरावांचे हप्ते असे: रायगड प्रांत घेतल्यावर साडेबासष्ट हजार, विजापूर घेतल्यावर साडेबासष्ट हजार, भागानगर, म्हणजे हैदराबाद, घेतल्यावर तेवढेच, औरंगाबाद घेतल्यावर तेवढेच, आणि उरलेले अडीच लाख दिल्ली घेतल्यावर.

ज्याच्याकडे स्वतःचा रायगडही उरला नव्हता, तो राजा दिल्लीचा बोनस लिहून देत होता. शाहजहाननं हातातली गोष्ट काढून घेतली, औरंगजेबानं हातात नसलेली गोष्ट आहे म्हणून सांगितली. राजाराम महाराजांनी मात्र कागदावर सरळ लिहिलं, की आत्ता नाही, घेऊ तेव्हा देऊ. आमचं शहर घोरपड्यांच्या हाती काही लागलं नाही, त्यामुळे त्या यादीतले आमच्या नावचे साडेबासष्ट हजार होन द्यायची वेळ आली नाही. घोरपडे मात्र त्या कागदावर लढले.