वेरूळची पाटीलकी

छत्रपती संभाजीनगराहून सुमारे ३० किलोमीटरांवरील वेरूळास येणारा प्रवासी बहुधा कैलास लेणे पाहून परततो, आणि ज्या गावच्या पाटीलकीतून मराठी राज्याचे पूर्वपुरुष निपजले त्याच्या वेशीत डोकावण्याची तसदी घेत नाही. बाबाजी भोसले येथील पाटील. त्यांचे पुत्र मालोजी व विठोजी यांनी शिलेदारी पत्करून निजामशाहीच्या चाकरीत नाव कमावले. या उत्कर्षाचा उलगडा बखरींनी मात्र मनसब-जहागिरीच्या हिशेबाने केला नाही: मालोजींना देवीने दृष्टांत देऊन नागाच्या पहाऱ्यात पुरलेले द्रव्य दाखविले, ते चांभारगोंद्याच्या शेषाप्पा नाईक पुंडे या सावकाराकडे ठेव म्हणून गेले, आणि त्यातूनच घोडी, पागा व शिखर शिंगणापूरचे तळे उभे राहिले, अशी ती कथा. देवीच्या कृपेचे वर्णन करतानाही सावकाराचे नाव-गाव न विसरणारी ही दंतकथा मला तरी अस्सल मराठी वाटते.

घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराचे श्रेयही परंपरा मालोजींना देते. आजचे लाल पाषाणाचे देवालय मात्र अठराव्या शतकातले, होळकरांच्या औदार्याचे. अशा शिवभक्त घराण्याने संततीसाठी अहमदनगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला, आणि त्याच्या नावाची वाटणी करून थोरल्यास शहाजी व धाकट्यास शरीफजी म्हटले, हेही बखरकार निःसंकोचपणे नोंदवितात. त्यांपैकी शरीफजी १६२४ साली भातवडीच्या रणांगणावर पडले.